कानात दांडी राहिली, फूल गेलं

सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेत पहिल्यांदा माल मांडला तेव्हा माझ्याकडे पॉलिमर क्लेच्या कानातल्यांचे ४० जोड होते. होम मैदानावर मैत्रिणीचा बांगड्यांचा स्टॉल होता, त्याला लागून एक कोपरा मिळाला. माझी शेवंतीची फुलं लोकांना आवडली आणि दोन दिवसांत नऊ जोड गेले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यातल्याच एक काकू परत आल्या. त्यांनी रुमालाची गाठ सोडली आणि नुसती स्टीलची दांडी माझ्या तळहातावर ठेवली. "दांडी कानातच होती बघ पोरी, फूल कुठं पडलं काय की. नव्या पेठेपर्यंत रस्ता बघत गेले." दुसऱ्या कानातलं फूल त्यांच्याकडे शाबूत होतं.

त्या दांडीची चकती मी दिव्याखाली धरून पाहिली. आरशासारखी स्वच्छ होती, डिंकाचा एक कण नव्हता. म्हणजे डिंक फुलाला धरून राहिला आणि धातूवरून सालीसारखा निघाला. काकूंना पैसे दिले आणि रात्री घरी उरलेल्या ३१ जोडांची एकेक दांडी बोटांनी ओढली. ६२ पैकी १७ हातात आल्या.

या कामात नव्याने येणाऱ्या मुलींसाठी हे लिहिते आहे, कारण जवळजवळ सगळ्या जणी मी केलं तेच करतात. रंग, नक्षी, साचे यांवर महिनोन्महिने जातात आणि मागचा धातू शेवटच्या दहा मिनिटांत डिंकाच्या थेंबावर बसतो. गिऱ्हाईक फूल पाहून दागिना घेतं, पण कानात तो राहतो त्या धातूच्या भरवशावर.

पॉलिमर क्लेला माती म्हणत असलो तरी ती असते पीव्हीसीची बारीक पूड आणि तिला मऊ ठेवणारं प्लास्टिसायझर. ओव्हनमध्ये तापली की पीव्हीसीचे कण एकमेकांत मिसळून एकजीव होतात. त्यामुळे क्लेवर क्ले भाजली की छान जुळते. धातूशी तिची अशी जुळणी होत नाही. भाजून काढल्यावर चिकटल्यासारखी वाटते, थंड झाली की नख घातल्यावर सुटते. माझे वडील शहराच्या पूर्व भागात यंत्रमागावर होते. ताण्याचा धागा तुटला की दोन बोटांत टोकं फिरवून गाठ मारायचे आणि माग पुन्हा सुरू. त्या १७ दांड्या ताटलीत पडल्या होत्या तेव्हा मला ती गाठ आठवली. तेव्हापासून धातू लावताना एकच बघते: हा डिंक उद्या सुटला तरी क्ले धातूला धरून ठेवेल का?

आता स्टडचं, म्हणजे दांडीवर कानालगत बसणाऱ्या कानातल्याचं सांगते, कारण सगळ्यात जास्त तक्रारी त्याच्याच येतात. पहिली गोष्ट चकतीची. ४ मिमीच्या चकतीऐवजी ८ मिमीची घेतली तर पकडीला चौपट जागा मिळते. फूल लहान असेल तर ६ मिमीची चालते. जाळीदार चकती मिळाली तर सोडू नका, तिच्या भोकांतून क्ले आरपार जाते. धातू स्टेनलेस स्टीलचाच घ्या. हलक्या मुलाम्याच्या दांड्या घामाने काळ्या पडतात, आणि त्यात निकेल असेल तर बऱ्याच जणींचे कान खाजतात, चिघळतात. सोलापूरच्या उन्हाळ्यात घाम काय असतो ते तुम्हाला सांगायला नको.

चकती १२० नंबरच्या पॉलिश पेपरवर आधी उभी, मग आडवी घासा. चमक जाऊन ती राखाडी दिसायला लागली पाहिजे. मग स्पिरिटने पुसा आणि त्यानंतर तिला बोट लावू नका, चिमट्याने उचला. आमच्या घरी शेंगाची चटणी रोजची. हात साबणाने धुतला तरी बोटांवर तेलाचा अंश राहतो, आणि जोड सुटायला तेवढा पुरतो. यंत्रमागाच्या वस्तीत राहत असाल तर हवेतली कापसाची तूसही सांभाळा. कच्ची क्ले ती लगेच ओढून घेते. चकती आणि क्ले यांच्यात तूस गेली की तिथे जोड कच्चा राहतो. मी टेबल ओल्या फडक्याने पुसून, खिडकी लावून, पंखा बंद करूनच हे काम करते.

फूल आधी एकदा पूर्ण भाजून घ्या. थंड झालं की त्याची पाठ पॉलिश पेपरने खरखरीत करा. दांडी अगदी मध्यात न लावता थोडी वर लावा, नाहीतर फूल कानात पुढे झुकतं. त्या जागी लिक्विड क्लेचा, म्हणजे पातळ वाहत्या पॉलिमर क्लेचा, मोहरीएवढा थेंब टाकून चकती बसवा. मग कच्च्या क्लेची साधारण १ मिमी जाड पोळी लाटा आणि चकतीपेक्षा चांगली मोठी गोल कापा, म्हणजे सगळ्या बाजूंनी ४–५ मिमी बाहेर राहील. मधोमध सुईने भोक पाडून ती दांडीवरून खाली सरकवा. फुलाच्या पाठीवरही लिक्विड क्लेचा पातळ हात फिरवलेला असू द्या. आता मधून बाहेर दाबत जा. चकतीच्या काठाशी हवा अडकली तर तिथे फुगा दिसतो, तो सुईने टोचून काढा. पोळीचे काठ बोटाने फुलाच्या पाठीत असे मिसळा की जोड हाताला लागू नये. आणि पुन्हा भाजा. पॉलिमर क्ले दुसऱ्यांदा भाजल्याने बिघडत नाही, तापमान बरोबर असलं म्हणजे झालं.

ही वरची पोळीच ती गाठ. कानातलं काढताना आपण दांडी सरळ ओढत नाही, फिरकी ओढताना ती हमखास तिरकी होते. तिरक्या ओढीने चकतीचा एक काठ उचलला जातो, आणि एकदा काठ सुटला की भिंतीवरचा कागद सोलावा तसा सगळा डिंक निघत जातो. वर क्लेची पोळी असली की तो काठ उचलायला जागाच राहत नाही.

लोंबत्या कानातल्यांत आकड्याच्या खाली छोटी डोळा-पिन, म्हणजे एका टोकाला गोल डोळा असलेली तार, लागते. तिची शेपटी सरळ खुपसली तर ती सरळच बाहेर येते. ०.८ मिमी जाडीच्या, म्हणजे २० गेजच्या पिनेची शेपटी पक्कडीने नागमोडी वाकवा किंवा टोकाला बारीक आकडा करा, मग कच्च्या क्लेत किमान ८–१० मिमी आत बसवा. तिथे क्ले ३ मिमीपेक्षा पातळ नको. दुसरा मार्ग भोकाचा: भाजून झाल्यावर सोनार वापरतात तसलं हाताने फिरवायचं ड्रिल घेऊन १ मिमीचं भोक पाडायचं आणि त्यातून कडी घालायची. भोक काठापासून ३ मिमी तरी आत हवं. मला हा मार्ग पातळ पानांसाठी आवडतो, कारण त्यात सुटण्यासारखं काही नसतंच.

कडीबद्दल थोडंच. ती उघडताना तोंड दोन बाजूंना फाकवू नका, गोलाई बिघडते. दोन पक्कडी घ्या, एक टोक आपल्याकडे आणि एक पलीकडे असं वळवा. बंद करताना टोकं एकमेकांच्या थोडी पुढे नेऊन मागे आणा. टोकाला टोक घासल्याचं बोटांना कळतं, आणि फटीत केस अडकत नसेल तर कडी बंद झाली.

डिंकाचं. काही वेळा तो लागतोच, म्हणजे आरसा किंवा काच बसवलेला तुकडा असला आणि पुन्हा भाजता येत नसलं की. सुपरग्लूने मला फसवलं. तो वाळून कडक आणि ठिसूळ होतो, भाजलेली क्ले मात्र थोडी लवचीक असते. तुकडा वाकला की डिंक तडकतो. ओव्हनच्या उष्णतेतही त्याचा भरवसा नाही. मी दोन नळ्यांतून मिसळायचा इपॉक्सी डिंक वापरते, पाच मिनिटांत वाळणारा नको, सावकाश वाळणारा. दोन्ही भाग अगदी समान घ्यायचे, काडीने पूर्ण एक मिनिट घोटायचे आणि जोड २४ तास हलवायचा नाही. इपॉक्सी भाजून झाल्यावर लावायचा. आणि डिंक सांडला म्हणून नेलपॉलिश रिमूव्हरने पुसू नका, त्यातल्या ॲसिटोनने क्ले विरघळायला लागते.

एवढं सगळं करूनही जोड सुटत असेल तर ओव्हनकडे बघा. कच्ची राहिलेली क्ले धातूला कशी धरणार? क्लेच्या पाकिटावर त्या त्या कंपनीने दिलेलं तापमान पाळा: फिमोचं ११० अंश, स्कल्पी प्रीमोचं १३०, आणि प्रीमोला दर ६ मिमी जाडीमागे ३० मिनिटं. ओटीजीच्या, म्हणजे छोट्या विजेच्या ओव्हनच्या, बटणावरचा आकडा आणि आतली उष्णता यांत माझ्याकडे २० अंशांचा फरक निघाला. म्हणून आत ठेवायचा छोटा थर्मामीटर ही पहिली खरेदी करा, साच्यांच्या आधी. फार तापवली तर क्ले करपते आणि घशाला झोंबणारा हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, तेव्हा भाजताना खिडकी उघडी ठेवा आणि स्वयंपाकाचा ओव्हन यासाठी वापरू नका. बाहेर काढलेला तुकडा गरम असेपर्यंत ओढून बघू नका, थंड होईतो तो मऊच असतो.

उन्हाळ्याचं वेगळं सांगायला हवं, कारण पुण्या-मुंबईच्या मैत्रिणींना ही अडचण कळत नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४३–४४ वर जातो आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. तिथे ठेवलेली क्ले पाकिटातच अर्धवट भाजायला लागते, चुरचुरीत होते. अशी क्ले मळून मऊ केली तरी चकतीच्या कडेने नीट बसत नाही, तिला बारीक भेगा जातात. मी मार्चपासून माझी पाकिटं डब्यात घालून माठाशेजारी, जमिनीलगत ठेवते आणि मे महिन्यात पहाटेच मळते.

विकायच्या आधी प्रत्येक नग तपासा, दहातला एक नको. स्टड असेल तर दांडी पक्कडीत धरून फूल चारही बाजूंना हलकं वाकवा आणि कान काठाशी न्या. बारीकसा "टिक" ऐकू आला तर तो नग बाजूला. लोंबतं असेल तर कडीला जाड दोरा बांधून अर्धा किलो साखरेची पिशवी पाच मिनिटं टांगा. सुटलेला नग फेकू नका, दिव्याखाली बघा. डिंक क्लेवर राहिला तर धातू नीट घासला गेला नव्हता. धातूवर राहिला तर क्लेची पाठ गुळगुळीत किंवा तेलकट होती. दोन्हीकडे अर्धा अर्धा असेल तर डिंक नीट घोटला नव्हता. क्लेचाच तुकडा धातूबरोबर आला तर भाजणी कमी पडली किंवा थर पातळ होता. मी असे नग तारीख लिहून एका डबीत ठेवले आहेत, आणि शिकायला येणाऱ्या मुलींना पहिल्या दिवशी तीच डबी देते.

किंमत लावताना या वेळेचे पैसे धरा. दुसरी भाजणी, स्टीलची दांडी, तपासणी हे सगळं धरल्यावर माझ्या एका जोडाची किंमत वाढली, आणि मी ती वाढवली. कमी भावात विकून सुटणारा दागिना देण्यापेक्षा दिवसाला चार जोड कमी केलेले मला चालतात.

त्या काकूंचं शाबूत राहिलेलं फूल मी ठेवून घेतलं होतं. त्याची दांडी काढली, पाठीवरचा जुना डिंक खरवडला, चकती घासली, वर पोळी घालून पुन्हा भाजलं आणि त्याच्या जोडीला नवं फूल केलं. घरी नेऊन दिलं तेव्हा काकूंनी आधी दोन्ही फुलं दांडीला धरून जोरात ओढून पाहिली, फिरवून पाहिली, मग आरशासमोर जाऊन कानात घातली.