भेंडीच्या पाण्यातून पॉलिमर कसा ताणतो ते बघा

मंडईतून पाच-सहा कोवळ्या भेंड्या आणा, गोल चिरा आणि पेलाभर पाण्यात रात्रभर टाकून ठेवा, सकाळी गाळून घ्या. आता एक थेंब अंगठा आणि बोटामध्ये धरून झटकन लांब करा. केसासारखी तार निघते आणि लगेच तुटत नाही, साधं पाणी घेतलं तर क्षणात तुटतं.

आत काय चाललंय? भेंडीच्या चिकट रसात पॉलिमर असतो, म्हणजे साखळीसारखे लांबच लांब रेणू. असा प्रत्येक रेणू म्हणजे लोकरीचा सैलसर गुंडा समजा, आणि मजा अशी की तो एकटा फिरत नाही, पोटातलं पाणी बरोबर घेऊन फिरतो, म्हणून चिमूटभर पॉलिमरने सुद्धा पाणी एवढं दाट लागतं. चमच्याने हळू ढवळलं की गुंडा थोडा ताणतो नि कोलांट्या खातो, बस. पण तार ओढताना प्रवाह एकाच दिशेने खेचतो, आणि हे खेचणं गुंड्याच्या परत आकसायच्या वेगापेक्षा जास्त झालं की तो एकदम उलगडतो. हे १९७४ मध्ये फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ द जेन यांनी मांडलं. उलगडलेली साखळी मग पाण्यालाच अडवते!

म्हणून ओढताना वेग बदलून नक्की बघा, हळू आणि मग झटक्यात, फरक बोटांना कळतो.

शेवटी थोडं पाणी मिक्सरमध्ये पाचेक मिनिटं फिरवा आणि परत तार काढा. आखूड निघेल, कारण जोरदार प्रवाहात साखळ्या चक्क तुटतात. पाइपलाइनमध्ये घर्षण कमी करायला पॉलिमर घालतात तिथेही हीच अडचण, पंपातून गेला की तुटतो, म्हणून पंप ओलांडल्यानंतर पाइपमध्ये सोडतात.