अर्धा गुडघा बदलायचा असेल तर: आधी सरळ, मग वाकवणं

मी सांगली-मिरजेत घरोघरी जाऊन व्यायाम करून घेणारी फिजिओथेरपिस्ट. ऑपरेशन झालेला माणूस घरी आला की पुढचा महिना-दीड महिना सर्जनपेक्षा मीच त्याला जास्त भेटते. त्यामुळे टेबलावर काय होतं ते मी थोडक्यात सांगेन. त्याच्या आधी आणि नंतर काय करायचं ते मात्र सविस्तर.

गुडघ्यात तीन कप्पे असतात: दुसऱ्या गुडघ्याकडचा आतला, बाहेरचा आणि वाटीमागचा. आपल्याकडे वयाबरोबर पाय फेंगडे होत जातात आणि सगळा भार आतल्या कप्प्यावर येतो, म्हणून झीजही बहुधा तिथेच आधी होते. बाकीचे दोन कप्पे धड असतील तर फक्त झिजलेल्या भागात मांडीच्या हाडाला धातूची टोपी, नडगीच्या हाडाला धातूची चकती आणि मध्ये प्लॅस्टिकची गादी बसवतात. पूर्ण गुडघा बदलताना सांध्यातला पुढचा लिगामेंट, म्हणजे हाडांना जोडून ठेवणारा पट्टा, बहुधा काढावा लागतो. इथे तो जागेवर राहतो. म्हणूनच अर्धा बदललेला गुडघा पुष्कळांना आपलाच वाटतो.

कुठे दुखतं असं मी विचारते तेव्हा मी हाताकडे बघते. कुणी एका बोटानं गुडघ्याच्या आतल्या कडेवर नेमकी जागा दाखवतं, कुणी अख्ख्या गुडघ्यावरून तळवा फिरवतं. बोट दाखवणाऱ्यांना मी ‘अर्ध्याबद्दल सर्जनना विचारून बघा’ असं सांगते. हा फक्त अंदाज, निर्णय तपासणी आणि एक्सरेवरच होतो. त्यातही एक्सरे पायावर भार देऊन, उभ्यानं काढलेला हवा. झोपून काढलेल्या एक्सरेत हाडांमधली फट खोटी मोठी दिसते. आमवात, म्हणजे रुमॅटॉइड, असेल, पुढचा लिगामेंट तुटलेला असेल किंवा गुडघा पंधरा अंशांपेक्षा जास्त वाकडाच राहत असेल, तर अर्ध्याचा नाद सोडा. वय साठच्या वर आणि वजन ८२ किलोच्या आत हवं असा एक दंडक १९८९ पासून सांगितला जायचा. आता बरेच सर्जन तो तितका कडक पाळत नाहीत.

हे काही नवीन खूळ नाही. ऑक्सफर्डला गुडफेलो नावाचे सर्जन आणि ओकॉनर नावाचे इंजिनियर यांनी सरकत्या गादीचा गुडघा सत्तरच्या दशकात बनवला, आणि १९८२ पासून तो फक्त आतल्या कप्प्यासाठी वापरला जाऊ लागला. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनमधल्या ५२८ रुग्णांची चाचणी छापून आली. पाच वर्षांनी अर्धावाले आणि पूर्णवाले, दोघांचेही गुडघे सारखेच चांगले होते. अर्ध्याचा खर्च कमी आला. पण दुसरी बाजूही ऐका. सांधेबदलाच्या ऑपरेशनांची नोंद ठेवणाऱ्या मोठ्या नोंदवह्यांमध्ये अर्ध्या गुडघ्याचं पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण पूर्ण गुडघ्यापेक्षा जास्त दिसतं, कारण उरलेले कप्पे पुढे झिजू शकतात. शिवाय हे ऑपरेशन क्वचित करणाऱ्यांच्या हातून निकाल कमी चांगले येतात. तेव्हा संकोच न करता विचारा: ‘डॉक्टर, वर्षाला असे अर्धे गुडघे किती करता?’ आणि दुसरं: ‘आत झीज जास्त निघाली तर काय?’ अशा वेळी पूर्ण गुडघा बसवायची संमती आधीच घेतात. सही करताना ते वाचा.

पैशांचं आधी बघून ठेवा. गुडघ्याच्या इम्प्लांटच्या, म्हणजे आत बसवायच्या कृत्रिम भागांच्या, किमतीला केंद्र सरकारनं ऑगस्ट २०१७ मध्ये मर्यादा घातली, पण खोली, सर्जनची फी, औषधं त्यात येत नाहीत. लेखी एस्टिमेट मागा. मेडिक्लेम नवा असेल तर सांधेबदलाला बहुतेक पॉलिसींत दोन-तीन वर्षं थांबावं लागतं. ते कलम ॲडमिशनच्या आधी तपासा, डिस्चार्जच्या दिवशी नव्हे.

तारीख ठरली की शुगर आटोक्यात आणा, किडका दात असेल तर दाखवून घ्या, पायाला चिखल्या किंवा जखम असेल तर लपवू नका. जंतू तिथूनच सांध्यात जातात. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर कुठली कधी थांबवायची ते डॉक्टरांनाच विचारा. जोडवी आधीच साबण लावून काढा. ऐनवेळी सुजलेल्या बोटातून ती निघत नाहीत. घरात कमोड नसेल तर कमोडची खुर्ची आणा, हाताची उंच खुर्ची ठेवा, दारातली पायपुसणी उचला. वॉकर आधीच आणून चालून बघा.

ऑपरेशन तास-दीड तासाचं. बहुधा कमरेत इंजेक्शन देतात, चीर आठ-दहा सेंटिमीटरची. त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून चालवतात आणि एक ते तीन दिवसांत घरी सोडतात. एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते. पहिल्या दिवशी बधिर केलेल्या नसांमुळे ‘अगं, काहीच दुखत नाही’ असं सगळे फोनवर सांगत असतात. दुसऱ्या दिवशी तो असर उतरतो आणि गुडघा ठणकतो. काही बिघडलेलं नसतं. गोळी दुखणं वाढायच्या आधी, वेळेवर घ्यायची.

आता माझं मुख्य सांगणं. मी पहिल्यांदा घरी जाते तेव्हा पुष्कळदा पलंगावर काकू असतात आणि त्यांच्या गुडघ्याखाली मऊ उशी. ती सुनेनं किंवा लेकीनं मायेनंच ठेवलेली असते. ती मी आधी काढते. सुजलेल्या गुडघ्याला थोडं वाकून राहणंच बरं वाटतं. पण तो तसाच राहिला तर आतले टिश्यू त्याच स्थितीत आखडतात. मग माणूस गुडघा वाकवूनच चालतो, मांडी लवकर थकते, कंबर धरते, आणि दोष ऑपरेशनला जातो.

उशीऐवजी टॉवेलची गुंडाळी करा आणि टाचेखाली ठेवा. गुडघ्याखाली काही नको. गुडघा आपल्या वजनानं खाली यायला हवा. दिवसातून तीन-चार वेळा, पाच-दहा मिनिटं. मग टॉवेल काढून घरातल्या कुणीतरी गुडघ्याखालून हात सरकवून बघायचा. तळवा आरपार गेला तर अजून फट आहे. पेशंटनं तो हात खाली दाबायचा, मनात पाच आकडे मोजायचे, सोडायचं. मांडी कडक व्हायला हवी, पार्श्वभाग नव्हे. बरेच जण कंबर उचलून फसवतात, तिकडे लक्ष ठेवा. हात अडकायला लागला की समजा, गाडी रुळावर आली.

बरोबरीनं घोटे वरखाली करणं, सरळ पाय उचलणं आणि टाच पलंगावरून मागे ओढत गुडघा वाकवणं. साधारण दोन आठवड्यांत नव्वद अंश वाकला तर मी खूश असते. प्रत्येक व्यायामानंतर पंधरा-वीस मिनिटं बर्फ, कापडात गुंडाळून. तेलाचं मालिश नको, पोटरीला तर मुळीच नको.

जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. विश्रामबागेतल्या एका काकूंनी त्याचं ‘चांगला स्वर्गात, दुखरा पाताळात’ असं करून टाकलंय. तेव्हापासून मी सगळ्यांना तेच सांगते.

‘ताई, मांडी कधी घालता येईल?’ हा प्रश्न टाके निघायच्या आतच येतो. अर्धा गुडघा पूर्णापेक्षा सहसा जास्त वाकतो, काहींना मांडी घालता येतेही. पण निदान सहा आठवडे तो विषय नको, आणि नंतरही आपल्या सर्जननी हो म्हटल्यावरच. पंगतीत खुर्ची मागायला लाजू नका. उकिडवं बसून फरशी पुसणं मात्र मी कायमचं बंद करायला सांगते.

टाके किंवा स्टेपल बारा-चौदा दिवसांनी निघतात. काळंनिळं पोटरीपर्यंत, कधी घोट्यापर्यंत उतरतं, घाबरू नका. गुडघा गरम लागणं आणि थोडी सूज काही महिने राहते. चिरेच्या बाहेरच्या बाजूला बधिर पट्टा राहतो, कधी ‘टक’ असा आवाज येतो, तेही चालतं. पण पोटरी दुखून सुजली, ताप आला, जखमेतून पाणी येऊ लागलं तर त्याच दिवशी सर्जनना दाखवा. गल्लीतल्या डॉक्टरांकडून परस्पर अँटिबायोटिक सुरू करू नका, त्यानं जंतू झाकला जातो आणि तपासणीत सापडत नाही. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट इमर्जन्सीत.

साधारण सहा आठवड्यांनी काठी सुटते आणि स्कूटरचा विचार करता येतो, तोही ब्रेक पटकन दाबता येत असेल आणि सर्जननी परवानगी दिली असेल तर. वर्षाच्या तपासणीला जाताना ऑपरेशननंतरचा पहिला एक्सरे आणि इम्प्लांटचं स्टिकर लावलेलं डिस्चार्ज कार्ड बरोबर न्या. नवा एक्सरे त्याच्याशीच ताडून बघतात.