जपानी शहरातील स्थानिक इतिहास आणि लोकजीवनाचे संग्रहालय कसे पाहावे

जपानमधील बहुतेक लहानमोठ्या शहरांत नगरपालिकेने चालवलेले एक संग्रहालय असते. कुठे त्याला ‘शिरित्सू हाकुबुत्सुकान’ म्हणजे नगर संग्रहालय म्हणतात, कुठे ‘क्योदो शिर्योकान’ म्हणजे आपल्या मुलखाचे वस्तुसंग्रहालय, तर कुठे ‘रेकिशी मिन्झोकु शिर्योकान’ म्हणजे इतिहास व लोकजीवन संग्रहालय. नकाशात शोध घेताना ही तिन्ही नावे टाकून पाहावीत, कारण इंग्रजी नावाने शोधल्यास अशा संस्था पुष्कळदा सापडतच नाहीत. यांपैकी तिसऱ्या प्रकारची संग्रहालये प्रामुख्याने १९७० नंतर, केंद्र सरकारच्या अनुदानातून उभी राहिली. आर्थिक भरभराटीच्या त्या काळात जुनी घरे पाडली जात होती, शेतीचे यांत्रिकीकरण झाले होते आणि पिढ्यानपिढ्या वापरलेली अवजारे टाकून दिली जात होती. ती वाचवण्याच्या धडपडीतून ही दालने भरली, हे ध्यानात ठेवून आत गेल्यास कपाटातील साध्या टोपलीकडेही वेगळ्या नजरेने पाहिले जाते.

माझा पहिला आग्रह असा, की हे संग्रहालय शहर पाहून झाल्यावर नव्हे, तर शहरात पोहोचल्यावर पहिल्याच सकाळी पाहावे. किल्ला, बाजारपेठ आणि देवळे नंतर पाहिली तर ती अधिक समजतात.

जाण्यापूर्वी वेळापत्रक तपासणे मात्र अत्यावश्यक आहे. सोमवार हा बहुतेक ठिकाणी सुट्टीचा दिवस असतो. सोमवारी राष्ट्रीय सुट्टी आल्यास त्या दिवशी संग्रहालय उघडे राहते आणि पुढच्या दिवशी बंद असते. वर्षअखेरीस आणि नववर्षाच्या पहिल्या दिवसांत ती बंद असतात, आणि मांडणी बदलण्यासाठी किंवा वस्तूंना कीड लागू नये म्हणून धुरी देण्यासाठीही काही दिवस दारे बंद ठेवली जातात. संध्याकाळी पाचला बंद होणाऱ्या संग्रहालयात साधारणतः साडेचारनंतर प्रवेश मिळत नाही. तिकीट बहुधा काहीशे येनांचे असते, काही ठिकाणी प्रवेश विनामूल्य असतो, आणि ३ नोव्हेंबरच्या संस्कृती दिनी अनेक संग्रहालये तिकीट माफ करतात. सुटे येन जवळ ठेवावेत, कारण लहान संग्रहालयांत कार्ड चालेलच असे नाही.

छत्री दाराजवळच्या स्टँडमध्ये ठेवावी. टिपणे घ्यायची असल्यास पेन्सिल वापरावी, कारण शाईचा डाग मौल्यवान वस्तूवर पडू नये म्हणून दालनात पेनला अनेकदा मनाई असते. आत जुन्या घराची खोली उभारलेली असेल आणि तातामी चटईवर जाण्यास परवानगी असेल, तर पादत्राणे काढूनच पाय ठेवावा. छायाचित्रणाचा नियम दालनागणिक, कधी वस्तूगणिक बदलतो; चिन्ह दिसले नाही तर ‘शाशिन ओ तोत्ते मो ई देस का’ असे विचारून घ्यावे. फोनमध्ये जपानी भाषेचे भाषांतर आधीच उतरवून घ्यावे, कारण लहान संग्रहालयांतील माहितीफलक बहुतांशी फक्त जपानीत असतात.

आत गेल्यावर पहिल्या मातीच्या भांड्याकडे घाई करू नये. बऱ्याच ठिकाणी प्रवेशाजवळ त्या प्रदेशाचा उठावाचा नकाशा असतो. त्यापुढे दहा मिनिटे उभे राहावे. नदी कुठून येते, भातखाचरे कुठे आहेत, डोंगर किती जवळ आहे आणि समुद्र किती दूर, हे पाहून घेतले की पुढच्या निम्म्या वस्तूंचे कारण कळते. बर्फावर चालताना पायाला बांधायच्या लाकडी चकत्या, पेंढ्याचे इरले, रेशीम गुंडाळण्याचा हातरहाट, मासेमारीचे गळ, यांपैकी काय भरपूर आहे आणि काय अजिबात नाही, हे त्या जमिनीनेच ठरवलेले असते.

मांडणी सहसा जोमोन काळातील, म्हणजे जपानच्या प्रागैतिहासिक काळातील खापरांपासून सुरू होऊन क्रमाने एदो काळ (१६०३ ते १८६८) आणि पुढे आधुनिक काळापर्यंत येते. मार्ग दाखवणारे बाण असतात, त्यांना ‘जुन्रो’ म्हणतात. फलकांवर सन पुष्कळदा सम्राटांच्या कालगणनेत दिलेले असतात, म्हणून पाच आरंभवर्षे लिहून जवळ ठेवावीत: मेइजी १८६८, ताइशो १९१२, शोवा १९२६, हेइसेइ १९८९ आणि रेइवा २०१९. आरंभवर्ष हेच पहिले वर्ष धरतात, म्हणून शोवा ३४ म्हणजे १९२५ अधिक ३४, अर्थात १९५९. एक ते दहा हे आकडे जपानी लिपीत ओळखता येऊ लागले, तर हा हिशेब फोनशिवायही जमतो.

कालगणनेची आणखी एक गाठ सोडवून घ्यावी लागते. जपानने १८७३ पासून नवे सौर पंचांग स्वीकारले, त्यामुळे जुन्या पंचांगातील सणांच्या तारखा आणि ऋतू यांची फारकत झाली. काही गावांनी नवी तारीख धरली, तर काहींनी ऋतू साधण्यासाठी सण महिनाभर पुढे नेला. नागानो प्रांतातील मात्सुमोतो येथे तानाबाता हा ताऱ्यांचा सण जुलैऐवजी ऑगस्टमध्ये येतो, तो यामुळेच. त्या वेळी घराच्या वळचणीला बाहुल्या टांगण्याची तिथे रीत आहे, आणि नगर संग्रहालयाकडील या बाहुल्यांच्या संग्रहाला १९५५ मध्ये राष्ट्रीय संरक्षण मिळाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये हे संग्रहालय किल्ल्याजवळच्या नव्या इमारतीत सुरू झाले आहे, त्यामुळे दोन्ही एकाच दिवशी पायी पाहता येतात.

सर्वाधिक वेळ अवजारांना द्यावा. सेन्बाकोकी हे अवजार जवळपास प्रत्येक भातशेतीच्या प्रदेशात दिसते: लाकडी घोडीवर बसवलेले दातांचे फणे, ज्यातून भाताची पेंढी ओढली की दाणे गळून पडतात. हे अवजार १७व्या शतकाच्या अखेरीस आले. त्यापूर्वी बांबूच्या दोन काड्यांत लोंबी धरून दाणे ओरबाडत असत, आणि त्या मजुरीवर अनेक विधवा पोट भरत. नव्या फण्याने ते काम हिरावून घेतले, म्हणून त्याला ‘गोकेदाओशी’, म्हणजे विधवांना आडवे पाडणारे, असे नाव पडले. पुढे ताइशो काळात पायाने फिरवायच्या पिंपाच्या मळणीयंत्राने या फण्यालाही मागे टाकले. दोन्ही शेजारी मांडलेली असतील, तर त्यांच्यामधला काळ मोजून पाहावा. अवजाराची मागची बाजू, पायांच्या आतील भाग आणि पेट्यांची झाकणे मुद्दाम न्याहाळावीत, कारण तिथे शाईने लिहिलेले मालकाचे नाव, खरेदीचे साल किंवा बनवणाऱ्याचा डागलेला शिक्का सापडतो. तोत्तोरी प्रांतातील कुरायोशीचा शिक्का दूरच्या एखाद्या शहरातील सेन्बाकोकीवर दिसला, तर तिथले विक्रेते आणि दुरुस्ती करणारे किती लांबवर हिंडत होते याचा तो पुरावाच असतो.

देवघरातील वस्तूंपाशीही असेच रेंगाळावे. इवाते प्रांतातील तोनो येथील नगर संग्रहालयात, जे १९८० मध्ये सुरू झाले, ओशिरासामा नावाच्या गृहदेवता आहेत. तुतीच्या लाकडाच्या काठीवर घोड्याचे किंवा मुलीचे मुख कोरलेले असते आणि तिच्यावर वर्षानुवर्षे कापडाचे थर चढवलेले असतात. घोडा आणि तुती हा जोड विचित्र वाटतो. पण याच भागात माणसे आणि घोडे एका छपराखाली राहतील अशी काटकोनी घरे बांधली जात, आणि तुतीच्या पानांवर रेशमाचे किडे पोसले जात, हे कळले की त्या काठीत अख्खे घर दिसू लागते.

अखेरच्या दालनात बहुधा १९५५ ते १९६४ या दशकातील बैठकीची खोली असते: घडीचे ठेंगणे जेवणाचे मेज, कृष्णधवल दूरचित्रवाणी आणि कपडे पिळण्याचे रूळ असलेले धुलाईयंत्र. परदेशी पाहुणा इथून भरभर पुढे जातो, आणि ते चुकीचे आहे. तिसरीच्या सामाजिक अभ्यासात जुन्या राहणीचा विषय असल्याने हिवाळ्यात इथे शाळकरी मुलांची गर्दी असते, आणि वयस्क स्वयंसेवक त्यांना स्वतः वापरलेल्या वस्तूंविषयी सांगतात. ‘सुमिमासेन, कोरे वा नान नि त्सुकाइमाश्ता का’, म्हणजे ‘हे कशासाठी वापरत?’, एवढे विचारले तरी ते उत्साहाने हातवारे करून दाखवतात. भाषा न कळताही हातांची हालचाल कळते.

निघताना प्रदर्शनाची सचित्र पुस्तिका पाहावी, कारण ती इतर दुकानांत क्वचितच मिळते, आणि शहरातील वारसास्थळांचा नकाशा मागून घ्यावा. त्यात रस्त्याकडेच्या कोशिन शिळा दाखवल्या असतील तर तिकडे पायीच जावे. दर साठ दिवसांनी येणाऱ्या कोशिनच्या रात्री, झोपलेल्या माणसाच्या देहातील तीन किडे आकाशात जाऊन त्याची पापे सांगतात, अशी समजूत होती. म्हणून गावकरी एकत्र जमून रात्रभर जागत, आणि पुढे गटाने मिळून शिळा उभारत. तळाशी कोरलेली तीन माकडे चटकन ओळखू येतात. मग बाजूला वळून शेवाळाखालचे साल वाचावे, आणि त्याखाली ती शिळा उभारणाऱ्या गावाचे नाव शोधावे.