दलाली धरून नफा कसा काढायचा

शेअर १०० ला घेतला, १०२ ला विकला, दोन टक्के सुटले, असं कुणी सांगितलं की मी आधी एकच विचारते: शेअर होते किती? दलाली ऑर्डरमागे ठरलेली असेल तर तिला तुमच्या टक्क्यांशी काही देणंघेणं नसतं.

समजा, दर ऑर्डरला २० दलाली आहे. चलन कुठलंही धरा, गणित तेच. घेताना २०, विकताना २०, म्हणजे सौदा पुरा होईपर्यंत ४० गेले. शेअर ५० असतील तर कच्चा नफा १००, हातात ६०. पैसे गुंतले ५,०२०, म्हणजे परतावा जेमतेम १.२ टक्के. शेअर १० च असतील तर भाव दोन टक्के चढूनही खिशातून २० गेले.

म्हणून ऑर्डर टाकण्याआधी ‘ना नफा ना तोटा’ भाव लिहून ठेवायचा. दोन्ही वेळची दलाली भागिले शेअरची संख्या, आणि येईल ते खरेदीभावात मिळवायचं. वरच्या उदाहरणात १० शेअरना तो १०४ येतो, ५० ना १००.८०, आणि ५०० ना १००.०८.

दलाली टक्क्यांत असेल तर शेअरच्या संख्येने फरक पडत नाही. अर्धा टक्का असेल तर १०० गुणिले १.००५ भागिले ०.९९५, साधारण १०१.०१. मात्र दरपत्रकातला ‘किमान’ हा शब्द शोधा. अर्धा टक्का, पण किमान २०, असं असेल तर ४,००० च्या आतला प्रत्येक सौदा पुन्हा ठरावीक दलालीचाच झाला.

इथपर्यंतचं बरेच जण करतात. खरी गोम स्टॉपलॉसमध्ये आहे, म्हणजे भाव पडला तर ज्या भावाला तोटा आवरून विकायचं तिथे. तेच ५० शेअर घ्या: टार्गेट १०२, स्टॉपलॉस ९९. कागदावर १०० मिळवायला ५० पणाला लावले, एकास दोन, छानच. आता दलाली घाला. नफा १०० चा ६० होतो आणि तोटा ५० चा ९०, कारण दलाली नफ्यातून वजा होते, तोट्यात मिळवली जाते. गुणोत्तर चक्क उलटलं. आधी तीनातला एक सौदा बरोबर आला तरी बरोबरी होत होती. आता पाचातले तीन बरोबर यायला हवेत. भाव ओळखण्याचं तुमचं कसब तेच, फक्त रक्कम लहान.

माझा स्वतःचा नियम: येण्या-जाण्याची दलाली अपेक्षित कच्च्या नफ्याच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नको. दलाली ४० तर कच्चा नफा ४०० तरी दिसायला हवा. दोन टक्क्यांच्या टार्गेटवर त्यासाठी २०,००० चा सौदा लागतो. तिथे, स्टॉपलॉस तोच एक टक्का खाली धरून, नफा ३६०, तोटा २४०, आणि पाचातले दोन बरोबर आले तरी भागतं. एवढे पैसे नसतील तर सौदे कमी करावेत आणि टार्गेट लांबचं ठेवावं. ५,००० घेऊन रोज दोन टक्क्यांच्या मागे धावणं मला तरी पटत नाही.

तुकड्यातुकड्यांनी विकण्याची हौसही महाग पडते. ते ५० शेअर दहा-दहा करून पाच ऑर्डरींत १०२ ला विकले तर दलाली २० अधिक १००, म्हणजे १२०. कच्चा नफा १००. वीस तोटा.

‘आमच्याकडे दलाली शून्य’ म्हणणाऱ्यांकडेही वही मिटू नका. अमेरिकेत सगळ्या ब्रोकरांना एकच दर बांधून देण्याची पद्धत १ मे १९७५ ला संपली आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये तिथल्या मोठ्या ब्रोकरांनी शेअरच्या ऑनलाइन सौद्यांवरची दलाली शून्यावर आणली. तरी घेण्याचा आणि विकण्याचा भाव एक नसतोच. विकणारा १००.४० मागतोय, घेणारा १०० देतोय, अशा वेळी ५० शेअर लगेच घेऊन लगेच विकले तर २० गेले. त्यामुळे क्वचित हात बदलणाऱ्या शेअरमध्ये ही तफावतही दलालीच्याच रकान्यात मांडा, आणि मिळेल त्या भावाच्या मार्केट ऑर्डरऐवजी, आपण भाव ठरवून देतो ती लिमिट ऑर्डर टाका.