सांध्यावर अडणारं ०७१

डब्लिनला आल्यापासून आयरिश गाड्यांच्या मॉडेलचा नाद लागलाय. माझं लाडकं इंजिन म्हणजे ०७१ वर्गाचं डिझेल. खरी इंजिनं १९७६ साली अमेरिकेत बांधलेली. (आयर्लंडमध्ये दोन रुळांमधलं अंतर १६०० मिमी, आपल्या ब्रॉडगेजपेक्षा थोडंच कमी. मॉडेल मात्र १६.५ मिमीच्या रुळावर धावतं, म्हणजे गाडीच्या मापाला रूळ बरेच अरुंद दिसतात. डोळ्यांना सवय होते.)

तर माझं मॉडेल इंजिन हळू चाललं की सांध्यावर, म्हणजे एका रुळाला दुसरा फाटा फुटतो तिथे, हमखास थांबायचं. बोटाने ढकललं की पुन्हा सुरू. आधी रूळ पुसले, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने चाकं. कापूस काळाकुट्ट झाला, पण अडणं तसंच.

शेवटी इंजिन स्पंजवर उलटं ठेवलं आणि कंट्रोलरच्या दोन तारा एकेका बोगीच्या (इंजिनाखालच्या चाकांच्या गाड्याच्या) दोन्ही बाजूंच्या चाकांना टेकवल्या. पुढच्या बोगीवर मोटर फिरली, मागच्यावर ढिम्म! वरचं कवच काढलं, तर मागच्या बोगीची बारीक तार डाखातून सुटलेली. म्हणजे पुढची सहाच चाकं रुळांतून वीज घेत होती. त्यातली काही सांध्याच्या प्लास्टिकच्या तुकड्यावर आली की वीज तुटायची आणि संपलं.

डाख द्यायला दोन मिनिटं लागली, कवच नीट बसवायला अर्धा तास.