संगणकशास्त्राचे पहिले शब्द आणि आमच्या वावरातली मोजणी

दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात माझे शालेय शिक्षण मराठी माध्यमात झाले आणि बारावी विज्ञानानंतर संगणकशास्त्राच्या पदवीसाठी मी अमरावतीला गेलो. पहिल्या सत्रात मला सर्वांत जास्त अडवले ते ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांनी. मेमरी, स्ट्रिंग, लूप, आर्ग्युमेंट हे शब्द शब्दकोशात सहज सापडत होते, म्हणून मी वहीत त्यांच्यापुढे स्मृती, दोरी, फास, वाद असे अर्थ लिहिले आणि परीक्षेच्या तयारीने ते पाठ केले. शब्दकोशाप्रमाणे ते अर्थ बरोबर होते. मात्र त्यांच्या आधारे प्रोग्रॅमची एक ओळही लिहिता येत नव्हती. यंदा गावाकडून पहिल्यांदाच या विषयाकडे वळणाऱ्या मुलामुलींचा तो वेळ वाचावा, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

पहिल्या तोंडी परीक्षेत मला ‘अ‍ॅरे’ची, म्हणजे एकाच प्रकारच्या किमती ओळीने ठेवणाऱ्या रचनेची, व्याख्या विचारली गेली आणि ती मी न अडखळता सांगितली. पुढचा प्रश्न होता, अ‍ॅरेतल्या पहिल्या घटकाचा क्रमांक एक न धरता शून्य का धरतात? याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. दिवाळीच्या सुटीत गावी आलो तेव्हा कापसाची पहिली वेचणी सुरू होती. बाबांनी धुऱ्यालगतच्या ओळीत उभे राहून मला सांगितले, “पाचव्या तासात जाऊन पाय, बोंडअळी हाय का.” तास म्हणजे आमच्याकडे पिकाची ओळ. आमच्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, दोन तासांमध्ये चार फुटांचे अंतर होते. मी पहिल्या तासात उभा होतो, तेव्हा पहिल्या तासापर्यंत जायला मला शून्य फूट चालायचे होते आणि पाचव्यापर्यंत चार अंतरे, म्हणजे 16 फूट. संगणकही असेच मोजतो. अ‍ॅरेतले घटक मेमरीत एकमेकांना लागून ठेवलेले असतात आणि इंडेक्स हा घटकाचा अनुक्रम नसून सुरुवातीपासूनचे अंतर असते. आजच्या बहुतेक संगणकांवर सी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतला पूर्णांक 4 बाइट (बाइट हे मेमरीतल्या जागेचे माप) जागा घेतो. अ‍ॅरेची सुरुवात 1000 या पत्त्यावर असेल, तर इंडेक्स 4 असलेला पाचवा घटक 1000 अधिक 4 गुणिले 4, म्हणजे 1016 या पत्त्यावर मिळतो. शंभरावा घटक काढायलाही एक गुणाकार आणि एक बेरीज पुरते, मधले घटक तपासत जावे लागत नाही. त्या दिवशी अ‍ॅरे, इंडेक्स आणि अ‍ॅड्रेस हे तीन शब्द मला एकदमच कळले, कारण ते एकाच कृतीचे भाग आहेत.

‘व्हेरिएबल’ला मराठीत ‘चल’ म्हणतात आणि गणितामुळे तो शब्द आपल्या परिचयाचा असतो, पण नेमका तोच परिचय येथे आडवा येतो. गणितात ‘एक्स बरोबर एक्स अधिक एक’ हे समीकरण अशक्य आहे. सी किंवा पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषांमध्ये मात्र तशी ओळ रोज लिहावी लागते. तेथे बरोबरचे चिन्ह समानता सांगत नाही, ते आज्ञा देते: आधी उजवी बाजू मोजा आणि आलेले उत्तर डाव्या नावाच्या जागेत ठेवा. सातबाऱ्यावर गट क्रमांक तोच राहतो आणि पीकपेऱ्यात यंदा तूर, पुढच्या वर्षी सोयाबीन अशी नोंद बदलते, तसे व्हेरिएबलचे नाव कायम राहून त्यातली किंमत बदलते. फरक इतकाच की सातबाऱ्यावर मागच्या वर्षांच्या नोंदी पाहायला मिळतात, व्हेरिएबलमधली जुनी किंमत नवी येताच पुसली जाते.

‘स्ट्रिंग’ म्हणजे अक्षरचिन्हांची माळ. संख्या आणि स्ट्रिंग यांतला भेद पहिल्याच आठवड्यात पक्का करावा. यवतमाळचा दूरध्वनी संकेतांक 07232 आहे. तो संख्या म्हणून साठवला तर पुढचे शून्य नाहीसे होऊन 7232 उरतात, म्हणून ज्या आकड्यांची बेरीज-वजाबाकी करायची नसते ते स्ट्रिंग म्हणून ठेवावेत. पायथॉनमध्ये 7 आणि 5 या संख्यांची बेरीज 12 येते, पण त्याच दोन स्ट्रिंग असल्या तर अधिकचे चिन्ह त्यांना जोडून 75 तयार करते.

हीच माळ मराठीत कशी साठते, हे पाहण्यासारखे आहे. बिट म्हणजे 0 किंवा 1 आणि 8 बिटांचा एक बाइट, ज्यात 256 वेगवेगळ्या किमती मावतात. इंग्रजी कॅपिटल ए या अक्षराचा क्रमांक 65 आहे, तो एका बाइटमध्ये बसतो. जगातल्या लिपींतल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये देवनागरीतल्या ‘क’चा क्रमांक 2325 आहे, तो एका बाइटमध्ये मावणार नाही, युटीएफ-8 या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे चिन्हे बाइटमध्ये लिहिण्याच्या पद्धतीत, त्याला 3 बाइट लागतात. आपल्याला ‘विदर्भ’ या शब्दात तीन अक्षरे दिसतात, पण संगणक व, वेलांटी, द, र, हलन्त आणि भ अशी सहा चिन्हे मोजतो आणि 18 बाइट साठवतो. पायथॉनमध्ये या शब्दाची लांबी विचारली की उत्तर 6 येते. मला हे कळले त्या दिवशी कॅरेक्टर, बाइट आणि एन्कोडिंग हे शब्द मी पुन्हा कधीही एकमेकांत मिसळले नाहीत. आपल्या भाषेतले विद्यार्थी हा भेद डोळ्यांनी पाहू शकतात, हा आपला फायदाच आहे.

बिट आणि बाइट यांची गल्लत इंटरनेटच्या वेगातही होते. जोडणीचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात आणि फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये, म्हणून 8 मेगाबिट प्रतिसेकंद वेगाने सेकंदाला फार तर 1 मेगाबाइट उतरते.

मेमरी आणि स्टोरेज यांतला फरक मला नुकसानीतून कळला. दुसऱ्या सत्रात गावी भावाच्या जुन्या संगणकावर मी अडीच तास एक प्रोग्रॅम टाइप करत होतो, एकदाही सेव्ह केले नव्हते आणि लाईन गेली. टाइप केलेले सर्व रॅममध्ये होते, आणि रॅमला वीज मिळत असेपर्यंतच लक्षात राहते. डिस्कवर लिहिलेलेच विजेशिवाय टिकते. ज्यांच्या घरी वीज भरवशाची नाही त्यांनी दर काही मिनिटांनी सेव्ह करण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी.

स्टॅक आणि क्यू यांना वेळ लागू नये. सोयाबीनच्या कट्ट्यांची, म्हणजे पोत्यांची, थप्पी म्हणजे स्टॅक, शेवटी ठेवलेला कट्टा आधी निघतो. बाजार समितीच्या काट्यासमोर लागलेली गाड्यांची रांग म्हणजे क्यू.

चुकांचे शब्द मात्र नीट समजून घ्यावेत, कारण सुरुवातीचे अनेक महिने त्यांच्याच सोबतीने जातात. सिंटॅक्स एरर म्हणजे भाषेच्या नियमांची चूक. ती कंपायलर, म्हणजे आपला प्रोग्रॅम संगणकाच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम, दाखवतो, पण अर्धविराम विसरला की बऱ्याचदा खालच्या ओळीकडे बोट दाखवतो, म्हणून वरची ओळही पाहावी. लॉजिकल एरर म्हणजे विचारातली चूक, ती कोणीच दाखवत नाही. सी भाषेत 5 आणि 6 क्विंटलची सरासरी पूर्णांकांनी काढली तर 5.5 ऐवजी 5 येते आणि प्रोग्रॅम शांतपणे चालू राहतो. अशी चूक सापडायची असेल तर उत्तर आधी कागदावर काढून ठेवावे लागते.

मराठी प्रतिशब्दांविषयी मला विचारतात. विदा (डेटा), चल, आज्ञावली (प्रोग्रॅम) हे शब्द चांगले आहेत आणि ते वापरलेही जावेत, परंतु परीक्षा, एररचे संदेश आणि मुलाखती इंग्रजीत असल्याने मूळ शब्द त्याच्या स्पेलिंगसह यायलाच हवा. मी दुसऱ्या वर्षी वही बदलली. प्रत्येक शब्दापुढे अर्थ लिहिण्याऐवजी ‘हा नेमके काय करतो’ असे एक पूर्ण मराठी वाक्य आणि स्वतः चालवून पाहिलेला चार-पाच ओळींचा प्रोग्रॅम लिहू लागलो. दिवसाला दोन शब्दांपेक्षा जास्त घेत नव्हतो. पॉइंटर हा शब्द सगळ्यांना घाबरवतो, तो मी मुद्दाम उशिरा घेतला आणि वहीत त्याच्यापुढे लिहिले: ‘पॉइंटर दुसऱ्या किमतीचा पत्ता साठवतो, पत्ता 1000 असेल आणि 4 बाइटच्या पूर्णांकाचा पॉइंटर एकाने वाढवला, तर तो 1004 वर जातो, म्हणजे बरोबर पुढच्या तासात.’