कोलिनर्जिक औषधे आणि आतड्याचा दाह: या संशोधनात नव्याने येणाऱ्यांसाठी

बी.फार्मला आतड्याचा तुकडा टायरोड द्रावणात (ऊती जिवंत ठेवणाऱ्या क्षारांच्या पाण्यात) टांगून त्यावर ॲसिटिलकोलिन, म्हणजे चेतापेशींचा निरोप नेणारा रेणू, सोडायचे प्रॅक्टिकल बहुतेकांनी केलेले असते, निदान संगणकावर तरी. तुकडा आकसतो, ॲसिटिलकोलिनला अडवणारे ॲट्रोपिन घातले की थांबतो. पीएच.डी.साठी मी ॲसिटिलकोलिनचेच दुसरे काम निवडले: दाह आवरण्याचे. त्याच्यासारखे किंवा त्याच्यामार्फत काम करणारी औषधे म्हणजे कोलिनर्जिक औषधे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. केव्हिन ट्रेसी यांच्या गटाने २००० मध्ये दाखवले की, व्हेगस ही मेंदूपासून पोटातल्या अवयवांपर्यंत जाणारी चेता विजेने चेतवली तर एंडोटॉक्सिन (जिवाणूंचे विष) दिलेल्या उंदरांमध्ये टीएनएफ हे दाह वाढवणारे प्रथिन कमी वाढते. २००३ मध्ये त्यामागचा अल्फा-७ निकोटिनिक रिसेप्टर सापडला, म्हणजे ॲसिटिलकोलिन आणि निकोटिन दोन्ही ज्याला चिकटतात असा पेशीवरचा ग्राहक. रुग्णांमधला धागा त्याहून जुना आहे. अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या (मोठ्या आतड्याच्या दीर्घकालीन दाहाच्या) रुग्णांत धूम्रपान न करणारेच जास्त असतात, ही नोंद १९८२ ची. १९९४ मध्ये निकोटिनच्या पॅचची चाचणीही प्रसिद्ध झाली. क्रोन्स हा आतड्याच्या दाहाचा दुसरा आजार मात्र धूम्रपानाने बळावतो, त्यामुळे पीएच.डी.च्या मुलाखतीत 'निकोटिन आतड्याला चांगले' असे सरसकट विधान करू नका.

आता प्रयोगाकडे येऊ. सर्वांत रुळलेले मॉडेल डीएसएसचे. उंदरांच्या मोठ्या आतड्यात दाह (कोलायटिस) घडवणारे डेक्स्ट्रान सल्फेट सोडियम, म्हणजेच डीएसएस, साधारण २ ते ५ टक्के प्रमाणात आठवडाभर पिण्याच्या पाण्यातून द्यायचे, आणि रोज वजन, विष्ठेचा पातळपणा व रक्त पाहून गुण मांडायचे. सोपे वाटते, पण कोलिनर्जिक औषधांच्या बाबतीत खरी कसोटी इथेच लागते. निओस्टिग्मिन ॲसिटिलकोलिनचे विघटन रोखते, मस्करिनिक या ॲसिटिलकोलिनच्या दुसऱ्या प्रकारच्या रिसेप्टरमुळे आतड्याची हालचाल वाढते आणि विष्ठा पातळ होते. म्हणजे दाह उतरत असतानाही तुमच्या तक्त्यात आजार वाढलेला दिसू शकतो. ॲट्रोपिनने नेमके उलटे होते.

निकोटिनची गोष्ट आणखी अवघड. त्याने भूक-तहान मंदावते. उंदीर पाणी कमी प्याले तर डीएसएसही कमी पोटात गेले, आणि कोलायटिस सौम्य झाला! म्हणून प्रत्येक पिंजऱ्यातल्या बाटलीचे वजन रोज घ्या. माझ्या मते हा आकडा प्रबंधात नसेल तर बाकीच्या आलेखांवर कुणी विश्वास ठेवू नये. रोजच्या गुणांपेक्षा मोठ्या आतड्याची लांबी, मायलोपेरॉक्सिडेज (दाहात जमणाऱ्या पांढऱ्या पेशींचे विकर) आणि सूक्ष्मदर्शकाखालच्या ऊतीच्या स्लाइड यांना जास्त वजन द्या. स्लाइड वाचणाऱ्याला कोणता उंदीर कोणत्या गटातला, हे कळता कामा नये.

आणखी एक अडचण जनुकांच्या मोजणीत येते. डीएसएस ऊतीत उरते आणि आरएनएपासून सीडीएनए (आरएनएची डीएनए प्रत) बनवण्याची क्रिया अडवते. ती प्रत मोजणारी क्यूपीसीआर चाचणी फसू लागली की नवे लोक प्रायमरला (मोजणी सुरू करणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्याला) दोष देतात. आधी लिथियम क्लोराइडने आरएनए शुद्ध करून पाहा.

प्राणी नीतिसमितीचा अर्ज पहिल्या सत्रातच लिहायला घ्या. किती प्राणी आणि का, वजन किती घटल्यावर प्राण्याला प्रयोगातून मुक्त करायचे, हे तिथे विचारतातच, आणि विचारायलाच हवे.

विषय शोधत असाल तर एक जागा सुचवते. व्हेगसचे तंतू आतड्याच्या स्नायूतल्या मॅक्रोफेजना (दाहात भाग घेणाऱ्या प्रतिकारपेशींना) थेट भिडत नाहीत, ते आतड्याच्या स्वतःच्या चेतापेशींशी बोलतात, असे २०१४ च्या एका अभ्यासात दिसले. दाहाने त्या चेतापेशीच जखमी झाल्या असतील, तर औषधाचा निरोप पुढे कोण नेतो? मला यावर काम करणारे सोबती हवे आहेत.